कडेची मुलं

"मधे किती आहेत गं?" चपला काढता काढता नीला सिस्टरांनी दारातूनच विचारलं.

"एकच. मैत्री," विजयश्री म्हणाली. "बाकी सगळी कडेची."

दुपारची झोपायची वेळ होती. पाळणाघराच्या पुढच्या खोलीत गाद्या अंथरून झाल्या होत्या. मुलं आपापल्या जागी आडवी पडून, डोळे मिटल्याचं सोंग करत, पायांनी एकमेकांना ढोसत होती. मागच्या शेडमधल्या प्रेसचे ठोके जमिनीतून येत होते. भोसरीतली ही मुलं त्या ठोक्यांवरच झोपायला शिकली होती. कारखान्याला सुटी असली की घरी यांना झोप लागत नाही, अशी त्यांच्या आयांची तक्रार असे.

गाद्यांची मांडणी इतर कुठल्या पाळणाघरात दिसली नसती. रांगा नव्हत्या. भिंतींच्या कडेकडेने एक गोल होता आणि त्याच्या मधोमध एक छोटं दुपटं. त्याच्यावर पाच महिन्यांची मैत्री मुठी वर करून झोपली होती. गोल दाराशी तेवढा तुटला होता. तिथे उंबऱ्याला लागून इंदुताईंची, हे पाळणाघर चालवणाऱ्या विजयश्रीच्या आईची, चटई असायची. जानेवारीत इंदुताई गेल्या, तेव्हापासून ती गुंडाळून कपाटामागे उभी होती.

ही मांडणी म्हणजे इंदुताईंची चूक होती, आणि त्या चुकीला नीला सिस्टरच कारण होत्या. फार वर्षांपूर्वी दवाखान्याचं लसीकरण याच अंगणात भरायचं. तेव्हा सिस्टर एकदा समजावून सांगत होत्या, की नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला गोवराची सुई देता येत नाही, म्हणून त्याच्या भोवतीच्या सगळ्या मुलांना ती दिलेली असायला हवी. भोवतीची मुलं पक्की असली की आजाराला बाळापर्यंत वाट मिळत नाही. इंदुताईंनी मान डोलावली आणि त्याच दुपारी गाद्या फिरवल्या. सुई झालेली मुलं कडेला, न झालेली मधे.

विजयश्री तेव्हा कॉलेजात होती. "अगं आई, भोवतीची म्हणजे गल्लीतली, वस्तीतली," ती हसून म्हणाली होती. "हवेतून येणारा आजार गादीनं अडतो का?"

"कळतंय मला," इंदुताई उशा मांडत म्हणाल्या होत्या. "पण गल्लीतली पोरं मी कुठं झोपवू?"

मांडणी तशीच राहिली. आणि मग एक गंमत झाली. मधे झोपणं म्हणजे बाळ असणं, हे मुलांनीच ठरवून टाकलं. तीन वर्षांची पोरं घरी जाऊन आईबापांच्या मागे लागायची की माझी सुई करून आणा, मला कडेला जायचंय. सुईला भिणारी मुलं सगळीकडे असतात. या घरात सुई राहिल्याची लाज वाटणारी मुलं होती. दंडावर चिकटपट्टीने लावलेला कापूस मिरवत मूल आलं की इंदुताई तो चष्मा लावून नीट पाहत, "झाला रे बाबा कडेचा," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत आणि त्याची गादी स्वतः उचलून भिंतीला नेत. सिस्टरांना खरं तर कापसावर चिकटपट्टी लावायचं काही कारण नव्हतं. इंदुताईंच्या पोरांना त्या लावून द्यायच्या.

आज सिस्टर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "पत्र्याच्या चाळीत गोवर निघालाय. सोन्या म्हणून एका बिगाऱ्याचं पोरगं आहे, गावाकडून आलेलं. काल अंगभर पुरळ. तुझ्याकडं त्या चाळीतली कोण कोण येतात?"

विजयश्रीने बोटाने दाखवलं. गणराज. त्याच्या शेजारच्या दोघी बहिणी. आणि राजनंदिनी. "चौघंही कडेची आहेत, सिस्टर."

"अगदी आईसारखी बोललीस," सिस्टर हसल्या. "मी घरोघरी जाऊन बघणारच आहे. पण बरं वाटलं ऐकून."

तेवढ्यात भिंतीकडच्या एका चादरीखालून हुंदका आला. विजयश्रीने चादर बाजूला केली. राजनंदिनीचं तोंड रडून लाल झालं होतं.

"काय झालं गं?"

"माझा कापूस माझा नव्हता."

"मग कुणाचा होता?"

"गणराजचा."

गणराजचे डोळे अजून मिटलेलेच होते. "मी दिला तिला," तो तसाच म्हणाला. "फुकट नाही दिला. क्रीमरोल घेतला."

विजयश्रीला तो दिवस आठवला. आईला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. वाकडच्या ऑफिसातून तिने बिनपगारी रजा घेतली होती, कारण चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची मुलं तिच्या दुःखासाठी थांबणार नव्हती. ती स्वयंपाक करत होती, गाद्या घालत होती, पण सगळं पाण्याखालून चालल्यासारखं. राजनंदिनी नुकतीच येऊ लागली होती. तिने एक दिवस दंड पुढे केला. त्यावर मळका कापूस होता. आणि विजयश्रीने आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, "झाली गं बाई कडेची." आवाज अगदी आईसारखा निघाला. त्या आवाजाने तिचं तिलाच इतकं भरून आलं की कापसाकडे तिने पाहिलंच नाही.

"सोन्याशी खेळलीस का गं तू?" सिस्टर राजनंदिनीजवळ उकिडव्या बसल्या.

"रोज. परवा आम्ही एका पांघरुणात बसून मोबाईल बघितला."

विजयश्रीने मैत्रीकडे पाहिलं. दोघींच्या गाद्यांमध्ये हातभर अंतर होतं. मैत्री दिवस भरायच्या आधी जन्मली होती. काचेच्या पेटीतून बाहेर आल्यावरही तिचं वजन हळूहळू चढलं होतं. तिच्या छातीत साधी सर्दी उतरली तरी डॉक्टर ठेवून घ्या म्हणत. गोवर झाला तर काय होईल, हे विचारायची गरज नव्हती.

"आजची भीती नाही," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता लागण झाली असली तरी आज ती दुसऱ्याला द्यायची नाही. आत भिनायला वेळ लागतो. भीती पुढच्या आठवड्यापासून. उद्या सकाळी हिला सुई मिळायला हवी. लवकर टोचली तर बऱ्याचदा आजार टळतो. आणि मी सांगेपर्यंत ही इकडे यायची नाही."

"आणि ती तिघं? गणराज, त्या दोघी?"

"त्यांच्या दोन्ही सुया खऱ्या असतील तर येऊ देत."

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. तिघांच्याही सुया झालेल्या होत्या. "पण विजू, एक खरं सांगते. सुई झालेल्यांतसुद्धा शंभरात एखाददुसरा असा असतो की त्याच्यावर ती चालत नाही. म्हणून नुसतं एकाचं होऊन भागत नाही. सगळ्यांचं व्हावं लागतं. लक्ष ठेव."

मैत्रीची आई वर्षाली चाकणची बस उतरून आली तेव्हा विजयश्रीने तिला काही लपवलं नाही. वर्षाली वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी होती. ओळखपत्राची दोरी अजून गळ्यात होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मैत्रीला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली.

"घरी बसले तर लाइनवर उद्या दुसरी उभी राहील," ती शेवटी म्हणाली. "आणि घरी तरी काय? आमच्या जिन्यावर दिवसभर पोरं असतात. त्यांचं झालंय का नाही कुणाला ठाऊक. इथलं निदान तुम्हाला ठाऊक आहे."

"एकीचं नव्हतं ठाऊक."

"ताई, आजी असत्या तर त्यांनी काय केलं असतं?"

"गाद्या घातल्या असत्या," विजयश्री म्हणाली.

वर्षालीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. तिने ओढणीने नाक पुसलं. "मग घाला. मी उद्या आणते हिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शालनबाईंना मुलांपाशी बसवून विजयश्री पत्र्याच्या चाळीत गेली. खोल्यांना खोल्या चिकटलेल्या, एक नळ, आणि नळापाशी सगळ्या चाळीची भांडी. राजनंदिनीचा बाप धनेश रात्रपाळी करून आला होता आणि दारात बसून दात घासत होता. दाराच्या चौकटीत कडुलिंबाची डहाळी खोचलेली दिसली.

"ताई, तिची नऊ म्हयन्याची सुई राहिली, खरंय," तो तोंड धुऊन म्हणाला. "तवा ती परभणीला होती, आजोळी. मग राहूनच गेलं. नेतो म्हणालो तर आये ऐकंना."

त्याची आई गोजाबाई आतून बाहेर आली. "गोवराची बाय आलीया वस्तीत," ती म्हणाली. "आशा टायमाला सुई टोचत न्हाईत. कोपती ती. मी कालपास्नं घरात फोडनी दिली न्हाई, अन् तुमी लेकराला टोचाय निघालाव."

"आये, तू गप की जरा," धनेश म्हणाला.

"का गप? तुला गोवर आला तवा रातच्या रात कोन बसलं व्हतं?"

विजयश्रीने तयारी करून आणलेली वाक्यं होती. विषाणू, लागण, दिवस. गोजाबाईच्या चेहऱ्याकडे बघून ती तिने गिळली. या बाईला गोवर ठाऊक होता. विजयश्रीने तो कधी पाहिलाही नव्हता. तिच्या आईने पाहिला होता. आईला आणि आईच्या धाकट्या भावाला एकाच आठवड्यात आला होता, त्यातून आई उठली. त्या भावाबद्दल आई एवढंच बोलायची, की तो माझ्या कुशीत झोपायचा.

"आजी," ती म्हणाली, "तिची गादी मी उचलून ठेवलीय. सुई झाल्याशिवाय कडेला जागा नाही."

दाराआड उभ्या राजनंदिनीने भोकाड पसरलं. "मला बाळांत झोपवतील."

"कोन झोपवतंय माज्या नातीला बाळांत?" गोजाबाई उसळून म्हणाली. "चार वर्साची घोडी ती." मग ती विजयश्रीकडे वळली. "समद्या पोरांची झालीया?"

"सगळ्यांची. हिची सोडून."

"हिचीच राहिली व्हय." गोजाबाईने पदर खोचला. "चला मग. पर मी सोबत येनार. अन् आधी बायला सांगते."

नळाच्या मागे कडुलिंब होता. त्याच्या बुडाशी तिने हळद वाहिली, पाणी घातलं आणि शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "टोचून आनतो बग. राग धरू नगंस. पोरगी कडंला झोपाय रडतीया." धनेश ओशाळून दुसरीकडे बघत होता. विजयश्रीला मात्र हसू आलं नाही. गोजाबाईचं उरकेपर्यंत ती नुसती थांबून राहिली.

दवाखान्यात राजनंदिनी रडली नाही. सिस्टरांनी कापूस लावला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "हा तुझा. विकायचा नाही."

मग वाट बघणं सुरू झालं. राजनंदिनी घरी राहिली. गणराज आणि त्या दोघी बहिणी त्याच चाळीतून रोज येत राहिली. ती तिघं दारात आली की विजयश्री आधी त्यांच्या कपाळाला हात लावी, मग डोळे बघी. "ताई, तू रोज काय बघतेस?" गणराज विचारायचा. "तुझे डोळे छान आहेत म्हणून," ती म्हणायची. तो दुसऱ्या दिवशी काजळ घालून आला.

दुपारी गाद्या घालताना तिच्या लक्षात येऊ लागलं की ती मांडणी आता जास्तच काळजीने करते आहे. गोल नीट व्हावा, फट राहू नये. गादीने काही अडत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी ती उशा सरकवत राहायची. एकदा सरकवता सरकवता तिला वाटलं, आईलाही हे ठाऊकच होतं. भीतीपुढे हाताला काहीतरी काम लागतं, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी धनेशचा फोन आला. "ताई, राजनंदिनीचं अंग तापलंय. सकाळपास्नं."

विजयश्रीच्या मांडीवर मैत्री होती आणि हातात दुधाची वाटी. तिने वाटी खाली ठेवली. "पुरळ?"

"न्हाई अजून. आये म्हणती बाय हाय. तिनं बोलनंच सोडलंय माझ्याशी."

सिस्टरांना कळवून विजयश्री थांबली. मुलं झोपली होती. मैत्री चमच्यासाठी तोंड उघडून तिच्याकडे बघत होती. तिच्या मनात एकच हिशेब फिरत होता. राजनंदिनीला झाला असेल, तर सोन्याकडून तो निघाला आहे हे नक्की. मग तो त्या तिघांनाही शिवून गेला असेल. मग त्या तिघांपैकी एखाद्यावर सुई चाललेली नसेल, तर तो आत्ता याच खोलीत, या बाळापासून हातभर अंतरावर श्वास घेतो आहे. ती उठून प्रत्येकाच्या अंगाला हात लावून आली. सगळी थंड होती. दोघी बहिणी एकमेकींच्या वेण्या धरून झोपल्या होत्या. तिला आईचा राग आला. असा राग, की आत्ता दार उघडून आई आली असती तर ती भांडलीच असती. हे सगळं माझ्यावर टाकून तू गेलीस, आणि मला कापूस नीट बघायलाही शिकवलं नाहीस.

सिस्टर आल्या त्या उन्हातून चालत. आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. त्यांची ती जुनीच सवय, पाणी पोटात गेल्याशिवाय बोलायचं नाही. विजयश्री त्यांच्या गळ्याची हालचाल बघत उभी राहिली.

"सुईचा ताप आहे," सिस्टर तांब्या ठेवत म्हणाल्या. "डोळे लाल नाहीत, खोकला नाही, तोंडात ठिपके नाहीत. सुई दिल्यावर या सुमाराला कधी कधी येतो असा. उद्या परवा उतरेल. उतरला नाही तर मला बोलाव."

ताप उतरला. पुरळ आलं नाही. तरी सिस्टरांनी आणखी काही दिवस थांबायला लावलं. विजयश्रीला उठायच्या आधी अंथरुणातूनच फोनकडे बघायची सवय लागली.

मग एका सकाळी सिस्टर आल्या आणि चक्क खुर्चीत बसल्या. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. बसल्या की गुडघे धरायच्या.

"चहा टाक," त्या म्हणाल्या. "संपलं. सोन्या हिंडतोय. त्याच्या धाकट्या बहिणीला झाला होता, तीही उठून बसलीय. त्या घराबाहेर एक नाही."

"एकही नाही?"

"अगं, नळ एक, संडास एक, भिंतीला भिंत. गोवर म्हणजे एका खोलीत खोकला की दुसऱ्या खोलीत उतरतो. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला अशा चाळीत घुसला की शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. यावेळी दाराबाहेर पडला आणि त्याला पुढं जायला पोरच मिळालं नाही." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "मी घरोघरी हिंडले ना. सोन्याच्या शेजारी तो पंप दुरुस्त करणारा राहतो. त्याला विचारलं, पोरांच्या सुया झाल्यात का. म्हणतो, सिस्टर, मला काय विचारता, मी इंदुआजींचा कडेचा. पुढच्या खोलीतली बाई, ती पण इथलीच. लहानपणी झोपायला इथं होती. तिची पोरं वेळच्या वेळी."

गॅसजवळ उभी राहून विजयश्री भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होती. त्याला आईचा चष्मा अजून लटकलेला होता.

"मी तुझ्या आईला सांगितलं होतं, तुमचं चुकतंय म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "गाद्या फिरवायला नव्हतं सांगितलं, म्हटलं. ती म्हणाली, असू दे, पोरांना आवडतंय." त्या हसल्या. "वर्षालीला फोन कर. लाइनवर असेल, पण कर."

फोनवर मागे यंत्रांचा आवाज होता. विजयश्रीने सांगितलं. वर्षाली म्हणाली, "ताई, संध्याकाळी येताना भेळ आणते. सगळ्यांना," आणि फोन ठेवला.

त्या दुपारी राजनंदिनी आली. गोजाबाईने स्वतः आणून सोडली. "बाय निगून गेली," ती दारातूनच म्हणाली. "शानी हाय. आईकलं तिनं." राजनंदिनीने दंड पुढे केला. कापूस कधीच पडला होता, पण तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता आणि आज परत चिकटवून आणला होता. विजयश्रीने खिळ्यावरचा चष्मा काढला, डोळ्यांना लावला. त्यातून तिला सगळं धूसरच दिसत होतं. तरी तिने कापूस वरून पाहिला, खालून पाहिला, दाबून पाहिला. गणराज चवड्यांवर उभा राहून साक्षीदारासारखा बघत होता.

"झाली गं बाई कडेची," ती म्हणाली, आणि गादी उचलून भिंतीला नेली.

सगळी आडवी झाल्यावर राजनंदिनी मान वर करून म्हणाली, "ताई, दाराकडं कुणीच नाही."

"तिथं आजीची चटई असायची," गणराजने माहिती दिली.

"तुझी सुई झालीय का?" राजनंदिनीने विजयश्रीला विचारलं.

"झालीय. लहानपणीच."

"मग झोप की तिथं."

विजयश्रीने कपाटामागून चटई काढली. झटकली तेव्हा आईच्या तेलाचा वास आला. उंबऱ्याच्या जरा अलीकडे अंथरून ती कुशीवर झाली, फक्त मुलं झोपेपर्यंत म्हणून. मैत्री मधे पालथी पडायचा प्रयत्न करत होती. प्रेसचे ठोके चटईतून कानाशी येत होते. त्यातले काही तिने ऐकले.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तिने दाराकडे पाहिलं तर दार दिसेना. राजनंदिनीने आपली गादी फरफटत आणून दार आणि चटई यांच्यामध्ये घातली होती आणि त्यावर ती तोंड उघडं टाकून झोपली होती. विजयश्री आता कडेला उरली नव्हती.

गादी परत भिंतीला न्यायला हवी होती. ती तशीच पडून राहिली.